औषध अळीला लागतं, आपल्याला का नाही?

"ताई, औषध डुप्लिकेट निघालं."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी रात्री येवल्याकडच्या माझ्या मावसभावाचा फोन आला. दीड एकर मका, गुडघ्याच्या वर आलेला, आणि पोंग्यापोंग्यात लष्करी अळी. सकाळी आठला त्याने फवारा मारला होता. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बघायला गेला तर अळ्या जिथल्या तिथे, मेलेली एकही नाही. मग दुकानदाराचा उद्धार झाला, कंपनीचा झाला, आणि मी रसायनशास्त्र शिकवते म्हणून शेवटी थोडा माझाही झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, नाशिकहून सकाळीच निघाले. बांधावर चप्पल काढून आत शिरले आणि एक पोंगा उलगडला. अळी होती. डोक्यावर तो उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, सगळं बरोबर. पण बोटाने ढकलली तरी ढिम्म. एरवी ही अळी बोट लागलं की अंगाचं वेटोळं करून खाली टपकते. ही आखडून बसली होती, एखादी ओली वात वाळून आकसावी तशी, आणि तोंडाशी हिरवट पाण्याचा थेंब. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी तिची विष्ठा पडलेली होती, ती सगळी सुकलेली. ताजी, ओली विष्ठा कुठेच नव्हती. म्हणजे कालपासून बाईंनी घास घेतलेला नव्हता.

"मेली नाही, पण जेवलीही नाही," मी म्हटलं. "उद्या-परवा मरेल. औषध चांगलं आहे."

त्याचा विश्वास बसला नाही. तो मला पंप दाखवायला घेऊन गेला, नोझल बरोबर होतं हे पटवून द्यायला. त्यात सहज बोलून गेला, की काल मध्येच नोझल चोंदलं तेव्हा काढून तोंडाने फुंकून साफ केलं. मी कपाळावर हात मारला. पण तो समोर ठणठणीत उभा होता. नोझल फुंकल्यावर तासाभराने त्याने भाकरी खाल्ली होती, दुपारी झोप काढली होती. तेच पाणी अळीच्या पोटात गेलं तर तिचं अंग आखडलं, आणि याच्या ओठाला लागलं तर काहीच नाही.

बाटली उचलून बघितली. क्लोरँट्रानिलीप्रोल, १८.५ टक्के. लेबलवर हिरवा त्रिकोण. त्याच शेडच्या कोपऱ्यात मामांच्या काळातला एक गंजका डबा पडला होता, अक्षरं उडालेली, पण लाल त्रिकोण आणि कवटी अजून दिसत होती. मोनोक्रोटोफॉस. त्या डब्याच्या दिवसांत कुणी नोझलला तोंड लावलं असतं तर गोष्ट इतकी हसण्यावारी गेली नसती.

या दोन त्रिकोणांच्या मध्ये नेमकं काय घडलं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी आधी नस कशी चालते ते बघू.

कांद्याला पाणी भरताना काय करतो? पाटातून पाणी येतं, फावड्याने वाफ्याचं तोंड उघडायचं, वाफा भरला की मातीने बुजवायचं, पुढच्या वाफ्याचं उघडायचं. नसेतून निरोप जातो तोही असाच. नसेच्या पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात. दार उघडलं की सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड असे विद्युतभार असलेले कण आत-बाहेर वाहतात. एका पेशीच्या टोकापासून दुसरीपर्यंत बारीकशी फट असते. ती ओलांडायला पहिली पेशी एक रसायन सोडते. ते समोरच्या दाराच्या कुलपात किल्लीसारखं बसतं आणि दार उघडतं. या कुलपाला शास्त्रात ग्राहक म्हणतात, इंग्रजी वळणाने रिसेप्टर. मी इथे कुलूपच म्हणणार आहे. ग्राहक म्हटलं की मला कृषी केंद्रातली रांग आठवते.

दार उघडणं जितकं गरजेचं तितकंच ते वेळेवर बंद होणंही. वाफ्याचं तोंड बुजवायला विसरलात तर पीक सडतं, उघडायला विसरलात तर वाळतं. नसेवरची जवळजवळ सगळी कीटकनाशकं या दोनपैकी एक घोटाळा करतात.

लाल त्रिकोणाच्या डब्यातलं औषध कुलपाला हातच लावत नाही. ॲसिटिलकोलीन नावाची किल्ली काम झाल्यावर तिथल्या तिथे मोडून टाकणारा एक एन्झाइम असतो, कोलिनएस्टरेज. मोनोक्रोटोफॉस, पॅराथिऑन, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट मंडळी त्या एन्झाइमचेच हात बांधतात. किल्ल्या साचत जातात, दार बंदच होत नाही, आणि किडा थरथरत मरतो. अडचण अशी, की हा एन्झाइम अळीत आहे, उंदरात आहे, बैलात आहे आणि फवारणाऱ्या माणसातही आहे, आणि त्याचा कामाचा भाग सगळ्यांत जवळपास सारखाच आहे. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छाती भरून येते. दवाखान्यात उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं द्यावी लागतात. हे रसायन जर्मनीत १९३० च्या दशकात किडे मारायला शोधता शोधता हाती लागलं, आणि त्याच शोधातून १९३६ साली टॅबून हा युद्धातला विषारी वायूही निघाला. दोन्ही एकाच घराण्यातले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा मोनोक्रोटोफॉसचं नाव सगळ्या राज्याला माहीत झालं.

त्या त्रिकोणाच्या रंगांचा हिशेब सरळ आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांना औषध तोंडावाटे देतात. शंभरातले पन्नास मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम लागलं, तो आकडा घेतात. पन्नासच्या आत लाल, पाचशेपर्यंत पिवळा, पाच हजारांपर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. मोनोक्रोटोफॉसचा आकडा विसाच्या आसपास. भावाच्या बाटलीतल्या क्लोरँट्रानिलीप्रोलचा पाच हजारांच्या वर. म्हणजे किमान अडीचशे पटींचा फरक. हे उंदरांचं गणित, हे लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता मधला टप्पा. आपले आजे मावा पडला की तंबाखूचा काढा करून मारायचे. त्यातलं निकोटिन हे ॲसिटिलकोलीनची डुप्लिकेट किल्ली आहे. त्याच कुलपात बसतं, दार उघडतं आणि लवकर निघत नाही. किड्यांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत हे कुलूप भरपूर असतं. पण आपल्या मेंदूत आणि स्नायूंतही असतं. म्हणून शुद्ध निकोटिन मावा मारतं तसं माणसालाही मारतं. उलट किड्यापेक्षा आपल्याच कुलपात ते जास्त चपखल बसतं.

१९८० च्या दशकात जपानमध्ये शिंझो कागाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या किल्लीचे दाते घासायला घेतले. १९८५ च्या सुमारास त्यातून इमिडाक्लोप्रिड तयार झालं आणि १९९१ पासून बाजारात आलं. आज आपल्याकडे थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, क्लोथियानिडिन अशी त्याची सगळी भावकी दुकानात मांडलेली असते. निओनिकोटिनॉइड म्हणजे नवं निकोटिन.

नवं ते काय? इथे जरा थांबते, कारण हा भाग मला फार आवडतो. शरीरात गेल्यावर निकोटिनच्या एका टोकावर धन भार येतो. आपल्या कुलपातला खळगा अशा धन भाराला जवळ ओढणारा आहे. इमिडाक्लोप्रिडच्या टोकावर धन भार येत नाही. उलट तिथे नायट्रो नावाचा गट लावलेला आहे आणि त्याच्यावर थोडा ऋण भार असतो. किड्याच्या कुलपात त्या टोकाच्या समोर नेमकं एक धन भाराचं अमिनो आम्ल उभं असतं, आर्जिनिन. ऋणाला धन भेटलं, किल्ली घट्ट बसली. आपल्या कुलपात त्या जागी असा धन भार नाही. किल्ली येते, खळग्यात डळमळते आणि निघून जाते. अमेरिकेत बर्कलीला जॉन कसिदा आणि मोटोहिरो तोमिझावा यांनी हे भाराचं गणित उलगडून दाखवलं. त्यातली गंमत म्हणजे, इमिडाक्लोप्रिडचा तो नायट्रो गट काढून टाकला, तर उरलेला रेणू किड्याला विशेष लागत नाही आणि सस्तन प्राण्यांच्या कुलपात मात्र छान बसतो. म्हणजे एक टोक कापलं की औषधाने बाजू बदलली!

तर सगळी सुरक्षितता एवढ्याशा गोष्टीवर टेकलेली आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची अक्षरं एकापुढे एक मांडून केलेला लांबलचक शब्द. नाशिक आणि नाविक यांत एकाच अक्षराचा फरक, पण अर्थ पार वेगळा. आपल्या आणि माव्याच्या कुलपातल्या खळग्यात अशी मोजकीच मोक्याची अक्षरं वेगळी आहेत, आणि औषधाचा नेमकेपणा त्यांच्यावरच टेकलेला आहे.

पण जे अक्षर वेगळं आहे ते बदलूही शकतं. दक्षिण फ्रान्समध्ये पीचच्या बागांतल्या हिरव्या माव्याला निओनिकोटिनॉइड लागेनासं झालं. २०११ साली शास्त्रज्ञांनी त्याचं कुलूप वाचलं तेव्हा दिसलं, की एका भागातल्या ८१ व्या जागेवर आर्जिनिन गायब आहे आणि तिथे थ्रिओनिन आलं आहे. आता गंमत बघा. कणा असलेल्या प्राण्यांच्या कुलपात त्या जागी थ्रिओनिनच असतं. औषधातून सुटायला तो मावा मुख्यतः त्या एका अक्षरापुरता आपल्यासारखा झाला. बुद्धीने नव्हे, अर्थात. लाखो माव्यांत एखाद्यात ही चूक आपोआप झालेली असते. आपण बाकीच्यांना मारतो आणि त्याला रान मोकळं करून देतो.

वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. मला हसू येत नाही. औषध जितकं नेमकं, तितकी त्यातून निसटायची वाटही बारीक आणि सोपी. जुन्या ढोबळ विषांनाही किडे सरावलेच होते, आणि इथेही एका अक्षरात काम होतं.

आता परत येवल्याच्या मक्यात. भावाच्या बाटलीतलं औषध निकोटिनच्या कुलपाला शिवत नाही. खरं सांगायचं तर ते नसेवरही काम करत नाही, नसेने हुकूम दिल्यावर जो आखडतो त्या स्नायूवर करतं. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमची एक कोठी असते. नसेचा निरोप आला की कोठीचं दार क्षणभर उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आखडतो. कॅल्शियम परत आत भरलं की सैल पडतो. या दाराचं नाव रायनोडिन रिसेप्टर. रायनिया नावाचं एक झाड त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेत होतं. त्याच्या खोडाची भुकटी १९४० च्या दशकात कीटकनाशक म्हणून वापरायचे. त्यातलं रायनोडिन या दारात पाचर मारतं. पण ते झाडाचं विष माणूस आणि अळी यांत भेद करत नव्हतं, म्हणून त्या दाराकडे औषध कंपन्यांनी पुष्कळ वर्षं पाठ फिरवली.

मग २००० नंतर जपानी आणि अमेरिकी कंपन्यांनी डायअमाइड हा नवा वर्ग बाजारात आणला. आधी फ्लुबेंडायअमाइड, मागोमाग क्लोरँट्रानिलीप्रोल. हेही कोठीच्या दाराशीच जातात, पण रायनोडिन बसतं त्या जागी बसत नाहीत. दाराच्या चौकटीत दुसरीकडे एक खळगा आहे, तिथे. किड्यांत हे दार एकाच प्रकारचं असतं. आपल्यात तीन प्रकारचं: एक हातापायांच्या स्नायूंत, एक हृदयात, तिसरं थोडं थोडं इतरत्र. आणि आपल्या तिन्ही दारांत तो खळगा इतका वेगळा घडला आहे, की औषध तिथे धरायला शेकडो पट जास्त मात्रा लागते. अळीत मात्र ते पाचर बनून बसतं. कोठी गळते, कॅल्शियम झिरपत राहतं, स्नायू आखडला की सैल पडत नाही. जबड्याचे स्नायूही त्यातच आले. म्हणून अळीचं खाणं काही तासांत थांबतं, आणि मरायला दोन-चार दिवस लागतात. भावाने बॅटरी मारून जी "जिवंत" अळी पाहिली, ती उपाशी आखडून मरणाची वाट बघत होती. मोनोक्रोटोफॉसने अळ्या तडफडून खाली पडायच्या, ते बघायची सवय झालेल्या डोळ्याला हे औषध डुप्लिकेटच वाटणार.

मंगळवारी त्याचा फोन आला. "झाल्या काळ्या." एवढंच बोलला. दुकानदाराची माफी मागितली की नाही, ते मी विचारलं नाही.

तिसरी तऱ्हा आणखी सरळ. आपल्यात नसलेलंच कुलूप शोधायचं. किडे, कोळी आणि जंतांत ग्लुटामेटने उघडणारं क्लोराइडचं दार असतं. ते नसेचा ब्रेक आहे. कणा असलेल्या कुठल्याही प्राण्यात ते नाही. जपानच्या सातोशी ओमुरांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूत या ब्रेकवर पाय ठेवून बसणारं रसायन सापडलं, ॲव्हरमेक्टिन. त्यातून आयव्हरमेक्टिन झालं, जंतांवरचं आणि आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वावरचं औषध. त्यासाठी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आपल्या द्राक्षबागांत थ्रिप्सवर मारतात ते इमामेक्टिन बेंझोएट आणि लाल कोळीवर मारतात ते ॲबामेक्टिन ही त्याचीच सख्खी भावंडं. यात अळी आखडत नाही, ओल्या सुतळीसारखी लोळागोळा होते. डायअमाइडचा आणि याचा फरक बोटाने चाचपून कळतो.

कुलूपच नाही, मग धोका कसला? असं नसतं. मात्रा फार वाढली तर हे रसायन आपल्या मेंदूतल्या दुसऱ्या, त्याच्या लांबच्या नात्यातल्या दारांवर बसू लागतं. एरवी मेंदूच्या वेशीवर एक राखणदार प्रथिन असतं, ते याला आत येऊ देत नाही. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत तो राखणदार जन्मतःच मोडका असतो, आणि आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा झाली तर ती कुत्री कोसळतात. एकाच जातीच्या दोन प्राण्यांतही एवढा फरक पडू शकतो. बाटलीतलं घट्ट औषध पोटात गेलं, तर माणसाला ऑर्गॅनोफॉस्फेटसारखा ठरलेला उताराही मिळत नाही, डॉक्टर लक्षणं बघून सांभाळत राहतात.

कुत्र्यांवरून आठवलं. गोचिडांसाठी हल्ली कुत्र्याला चघळायची गोळी देतात, फ्लुरालॅनर. कुत्र्याच्या रक्तात ते औषध कित्येक आठवडे फिरत राहतं, आणि ज्या गोचिडाने ते रक्त प्यायलं तो झटके येऊन मरतो. इथे दार आहे ते गाबा नावाच्या रसायनाचं, तेही ब्रेकचंच. ते दोघांतही आहे, पण गोचिडाच्या दारातला खळगा औषधाला सोयीचा आणि कुत्र्याचा गैरसोयीचा. नेमकेपणा म्हणजे काय, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही: औषध अख्खं कुत्र्याच्या अंगात, आणि मरतो गोचीड. तरी २०१८ साली अमेरिकी औषध प्रशासनाने सावध केलं होतंच, की या वर्गाच्या गोळ्यांनी काही कुत्र्या-मांजरांना फिट येऊ शकते.

घरातल्या डासांच्या लिक्विडबद्दल दोन वाक्यं. ते पायरेथ्रॉइड, सोडियमच्या दारात पाय अडकवणारं. आपलं दार थोडं वेगळं, अंग गरम, आणि यकृत ते झटपट तोडतं म्हणून आपण वाचतो. मांजराचं यकृत त्यात कच्चं आहे, आणि माशांना तर ते फारच लागतं.

आता त्या उंदरांच्या गणिताकडे. हिरवा त्रिकोण उंदराने दिलेला आहे. उंदीर आपल्या कुळातला, कणा असलेला, दूध पाजणारा. त्याची कुलपं आपल्यासारखी, म्हणून त्याची साक्ष आपल्या कामाची. पण मधमाशीला कोण विचारतं? ती कीटकच आहे. माव्याचं आणि तिचं कुलूप एकाच साच्यातलं. इमिडाक्लोप्रिडचे काही नॅनोग्रॅम एका मधमाशीला पुरतात. एका ग्रॅमात शंभर कोटी नॅनोग्रॅम असतात, हिशेब तुम्हीच करा. युरोपने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो याच कारणाने.

त्याच भावकीतलं ॲसिटामिप्रिड मात्र मधमाशीला कितीतरी कमी लागतं. कुलपात ते बसतं, पण मधमाशीच्या अंगात असे औषधांचे तुकडे करणारे एन्झाइम असतात आणि हा रेणू त्यांना सहज तुटतो. नायट्रोच्या जागी त्याच्यावर सायनो गट आहे, मुख्य फरक तो. इथे पुन्हा एक मेख आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी नीट ऐकावी. आपण टाकीत एकटं औषध कधी घालतो? कीटकनाशक, त्यात बुरशीनाशक, वर टॉनिक, शेवटी औषध पानाला चिकटवणारं स्टिकर. करपा किंवा भुरीवर मारायच्या प्रोपिकोनॅझोलसारख्या काही बुरशीनाशकांनी मधमाशीचे तेच एन्झाइम बंद पडतात. प्रयोगशाळेत ही जोडी दिली तेव्हा ॲसिटामिप्रिडचा मधमाशीवरचा विषारीपणा शंभर पटींहून जास्त वाढला. दोन्ही बाटल्या आपापल्या जागी मवाळ, एकत्र आल्या की जहाल.

द्राक्षाचं बरंचसं मधमाशीवाचून भागतं, म्हणून बागाईतदाराला हे जाणवत नाही. कांद्याच्या बियाणाचं तसं नाही. घरचं बी धरायला जे डोंगळे लावतात, त्यांच्या त्या पांढऱ्या गोंड्यांवर माशा फिरल्या नाहीत तर बी भरतच नाही. फुलं उघडलेली असताना सकाळी दहा वाजता थ्रिप्ससाठी इमिडाक्लोप्रिड मारायचं आणि मार्चमध्ये गोंडे चोळून "यंदा बी पोचट निघालं, हवा खराब होती" म्हणायचं, हे मी नात्यातच पाहिलं आहे. हवा असेलही खराब. पण माशा कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नव्हतं.

पाण्याचंही तसंच. झिंगे, खेकडे आणि पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिसू हे किड्यांचे चुलते. क्लोरँट्रानिलीप्रोल मधमाशीला बरंच मवाळ आहे, पण पाण्यातल्या या पिसवांना ते फार थोडं पुरतं. त्याच वर्गातलं फ्लुबेंडायअमाइड अमेरिकेने २०१६ मध्ये बाजारातून काढलं. माणसाला विषबाधा झाली म्हणून नव्हे, ते पाण्याच्या तळाशी साचून तिथल्या बिनकण्याच्या जिवांना मारतं म्हणून. फवारणी झाल्यावर पंप शेततळ्यात विसळणाऱ्याच्या हातातल्या बाटलीवर तेव्हाही हिरवाच त्रिकोण होता.

शेवटी पुन्हा त्या एका अक्षराबद्दल, कारण मक्यावरच्या औषधाचीही त्यातून सुटका नाही. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग फार पोहोचलेला. फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये डायअमाइड बाजारात आल्यावर काही वर्षांतच तो त्यांना जुमानेनासा झाला. त्याच्या कोठीच्या दाराचा शब्द पाच हजारांहून जास्त अक्षरांचा. त्यातल्या ४९४६ व्या जागेवर ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं होतं, बस्स. दोन देशांत, एकमेकांपासून लांब, तेच अक्षर बदललेलं सापडलं.

आपल्याकडे या औषधाचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि दुकानात त्याच्या कितीतरी नावांच्या बाटल्या आल्या. भावाने त्या हंगामात मक्यावर तीन फवारे घेतले. "दर वेळी औषध बदललं," तो अभिमानाने सांगत होता. तिन्ही रिकाम्या बाटल्या मी शेडच्या पत्र्यावर ओळीने मांडल्या. तीन कंपन्या, तीन रंग, आणि खाली बारीक अक्षरांत तेच टेक्निकल, म्हणजे मूळ रसायनाचं नाव. त्याने कंपनी बदलली होती, कुलूप तेच ठेवलं होतं. आता बऱ्याच लेबलांवर गट क्रमांकही असतो, औषध कुठल्या कुलपावर कसं काम करतं ते सांगणारा. २८ म्हणजे डायअमाइड, ६ म्हणजे इमामेक्टिनचं घराणं, ५ म्हणजे स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम, ४ ए म्हणजे निओनिकोटिनॉइड. स्पिनोसॅड निकोटिनच्याच कुलपावर काम करतं, पण वेगळ्या जागी बसतं, म्हणून त्याचा गट वेगळा. एका पिढीच्या अळ्यांना २८ दिलं, तर पुढच्या पिढीला तो आकडा नको. ज्या अळीने एक अक्षर बदललं, तिला दुसऱ्या दाराने गाठायचं.

फेब्रुवारीत परत फोन. दहा गुंठ्यांत त्याने डोंगळे लावले होते.

"ताई, गोंड्यात थ्रिप्स आहे. माशा पण लई आल्यात. काय मारू?"

"घरात काय आहे?"

"एक पिवळ्या त्रिकोणाचं आहे, एक निळ्या."

"रंग नको. टेक्निकल वाच. आणि गट कितीचा आहे तो बघ."

बराच वेळ पलीकडून बाटली फिरवल्याचा आवाज येत राहिला.

"थांब," तो म्हणाला, "चष्मा घेऊन येतो."